शॉक नाही, मुंग्या

खंडेनवमी आली आणि ती घटना आठवली नाही, असं अजून एकदाही झालेलं नाही. पोलिसात आयुष्य गेलं. मुडदे पुष्कळ बघितले, सगळे आठवत नाहीत. हा आठवतो. नाव कुणाचंच लिहिणार नाही. ज्या घरातला माणूस गेला त्या घरात आता पोरं मोठी झाली असतील, आणि ज्याच्या हातून चूक झाली त्याच्याही घरात झाली असतील. नावाशिवाय गोष्ट कळते, मग नाव कशाला?

मी शिकलेला माणूस नाही. दहावी कशीबशी काढली, भरतीत धावलो, शिपाई झालो, आणि खात्यात झिजत झिजत सहायक उपनिरीक्षक झालो. लोक जमादार म्हणायचे. माझं लिखाण आमची मंडळी वाचायची आणि जिथे गडबड असेल तिथे म्हणायची, "हे काय लिहिलंय, तुमचं तुम्हाला तरी कळतंय का?" मग मी बदलायचो. गेल्या वर्षी ती गेली. आता कुणी अडवत नाही, त्यामुळे जे लिहितो ते असंच जातं. समजून घ्या.

तेव्हा मी ठाणे शहरात नेमणुकीला होतो आणि वागळे इस्टेट ह्या कारखान्यांच्या वसाहतीचा बराच भाग आमच्या हद्दीत होता. राहायला कल्याणला. खंडेनवमीच्या दिवशी वागळे इस्टेटमधून फिरलात तर बघण्यासारखं असतं. एरवी ऑइल आणि लोखंडाच्या कचऱ्याने काळ्या पडलेल्या गाळ्यांच्या लाद्या पाण्याने धुऊन काढलेल्या असतात. लेथ असो, ड्रिल असो, नाहीतर साधा पाना असो, सगळ्यांना हळदकुंकू लागतं, झेंडूची माळ पडते. दाराबाहेर चपलांचा ढीग. कारण त्या दिवशी मशीन म्हणजे देव. देवासमोर चप्पल घालून कोण जाईल? आमच्या ठाण्यातही रायफली पुसून ओळीत मांडतात आणि त्यांची पूजा होते. आमची आरती नुकतीच झालेली, पेढा तोंडात होता, तेवढ्यात ठाणे अंमलदाराने हाक मारली, "जमादार, गाडी घ्या. एका गाळ्यात माणूस चिकटलाय."

खिडक्यांच्या जाळ्या आणि लोखंडी फ्रेम बनवणारा छोटा कारखाना होता. दहाबारा कामगार, एक फोरमन, आणि वर शेठ, तो आठवड्यातून एखाददुसऱ्या दिवशी यायचा. मी पोचलो तोपर्यंत कामगारांनी माणसाला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलेलं. तिथे डॉक्टरांनी हात लावला आणि मान हलवली. तळहातावर जळल्याची खूण होती. विजेचा धक्का, त्यात वाद नव्हता.

मयत कोकणातला, चाळिशीचा, डोंबिवलीला भाड्याच्या खोलीत राहणारा. ग्राइंडर चालवण्यात हात बसलेला माणूस. ग्राइंडर म्हणजे हातात धरून लोखंड घासायची मशीन, बॉडी जुन्या पद्धतीची, धातूची. त्या गाळ्यात एक रीत होती. पूजा झाली, आरती झाली, की एका कामगाराने ग्राइंडर उचलायचा, बटण दाबायचं आणि एका तुकड्यावर ठिणग्या उडवायच्या. त्याला ते मुहूर्त म्हणत. ठिणग्या उडाल्या की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या आणि मग प्रसाद. त्या दिवशी मुहूर्त मयताने केला. ठिणग्या उडाल्या नाहीत. तो मशीनसकट खाली गेला. कुणीतरी प्लग ओढला तोपर्यंत उशीर झालेला.

पंचनामा केला. ग्राइंडर, त्याची वायर, आणि ज्या लाकडी बोर्डात तो लावलेला तो बोर्ड, सगळं पोत्यात घालून सील केलं. अकस्मात मृत्यूची नोंद घेतली. अशा प्रकरणात विद्युत निरीक्षकाने मशीन तपासून अहवाल द्यायचा असतो. त्यांच्या ऑफिसला सणाची आणि त्याला लागून आलेली सुट्टी. सील मी तोडू शकत नव्हतो. तोवर जबाब घ्यायला बसलो.

एकेकाला समोर बसवून मी एकच विचारत होतो, "ह्या मशीनने आधी कधी शॉक मारलेला?"

"नाही साहेब."

"कधीच नाही?"

"कधीच नाही. काल दिवसभर मीच चालवली ना."

दुसराही तेच, तिसराही तेच. कुणाच्या तोंडावर खोटेपणा नव्हता. इतकी वर्षं समोरच्याचं तोंड वाचायचंच काम केलेलं, तेवढं कळत होतं. फोरमन तर मला हाताला धरून गाळ्यात घेऊन गेला आणि बाकीच्या मशीन दाखवल्या. प्रत्येकीवर हिरवा गोल कागद चिकटवलेला आणि त्यावर ‘ओके’ लिहिलेलं.

"टेस्टिंग केलेल्या आहेत सगळ्या," फोरमन म्हणाला. "आमचा माल मोठ्या कंपनीत जातो. त्यांचा नियम आहे, हातातली प्रत्येक मशीन टेस्ट झालीच पाहिजे. मी स्वतः करतो."

मयताची बायको दवाखान्याच्या आवारात बसलेली. तिचा जबाब घेणं जिवावर आलं, पण घ्यावा लागतो. तिला विचारलं, तब्येत कशी होती, काही आजार? ती म्हणाली, "आजार काही नाही. संध्याकाळी घरी आले की हाताला मुंग्या आल्यात म्हणायचे. मी खोबरेल चोळून द्यायची. म्हणायचे, वय झालं गं आता." मी लिहून घेतलं, मयतास हाताला मुंग्या येण्याचा त्रास होता. पुढे गेलो.

त्याच दुपारी ठाण्यात फोन आला. नाव सांगितलं नाही. पुरुषाचा आवाज, तोंडावर रुमाल धरल्यासारखा. "तो आपोआप नाही मेला. त्या ग्राइंडरचा प्लग आदल्या संध्याकाळी कोणी बदलला ते विचारा." आणि ठेवून दिला.

विचारलं. उत्तर लगेच मिळालं. प्लग बदलला होता तिथल्या फिटरने.

हा फिटर बाळकुमचा जुना गाववाला. आजा मिठागरात राबलेला. आता गावाच्या जागी टॉवर उभे आहेत, आणि त्यांच्या मधल्या जुन्या घरात हा राहायचा. स्वभावाने तिखट. आणि गोष्ट अशी निघाली की कितीतरी वर्षं मुहूर्त तोच करत आलेला. ह्या वर्षी फोरमनने मान मयताला दिला. आदल्या दिवशी सगळ्यांच्या देखत फिटर मयताला म्हणालेला, "बघतो तू कसा मुहूर्त करतोस." आणि त्याच संध्याकाळी त्याने त्या ग्राइंडरचा प्लग खोलला.

मी त्याला ठाण्यात आणला. समोर बसवला.

"बोललास ना तू असं?"

"बोललो. नाय कशाला म्हनू?"

"का बोललास?"

"राग आला म्हनून. माझा मान काढून दुसऱ्याला दिला, मग मी काय पेढं वाटू?"

"आणि प्लग का खोललास?"

"पिना ढिल्या झालत्या. ठिनगी पडत व्हती. नवा प्लग-टॉप बसवला. तिन्ही तारा जागच्या जागी लावल्या. साहेब, मना त्याला मारायचा असता तर मी त्याला तोंडावर सांगून मारला असता."

हे वाक्य कुणी पोलीस ठाण्यात बसून बोलतं का? मी कपाळावर हात मारला. बाजूला बसलेला शिपाई हसू दाबत होता.

बाहेर बाकावर त्याची बायको डबा घेऊन बसलेली. मी बाहेर आलो तर उभी राहिली. मी विचारलं, "तुमचा नवरा भांडकुदळ आहे का?"

"हाय तर," ती म्हणाली. "माझ्याशी रोज भांडतो. पन मी जिवंत हाय ना?"

मला हसूही येईना. कारण आत साहेबांनी बोलावलेलं. आमचे वरिष्ठ निरीक्षक माणूस चांगला, पण ठाण्याच्या दारात मयताच्या गावची माणसं जमलेली होती आणि आवाज चढत होता. साहेबांनी बोटांवर मोजून दाखवलं. "धमकी आहे. रागाचं कारण आहे. हात त्याचा लागलाय. मशीन कालपर्यंत ठीक होती, हे सगळे सांगतायत. कालच्या आणि आजच्या मध्ये एकच गोष्ट बदलली, प्लग. जमादार, अजून काय पाहिजे? उद्या खुनाचा गुन्हा दाखल करून अटक दाखव."

हिशेब चुकीचा नव्हता. साहेबांच्या जागी मी असतो तर मीही तोच केला असता. आणि खुनाच्या आरोपात एकदा माणूस आत गेला की पुढे सुटला तरी त्याचं घर तोवर उठलेलं असतं, हे मी खूप वेळा बघितलेलं. मी म्हटलं, "साहेब, निरीक्षकांचा अहवाल येऊ दे." साहेब म्हणाले, "अहवाल येईपर्यंत बाहेरची माणसं थांबतील का? त्यांना विचारून ये." उद्या सकाळपर्यंतची मुदत घेतली, फिटरला ठाण्यातच बसवून ठेवला आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी मी आंघोळ करून बाहेर आलो तर आमची मंडळी माझ्या गणवेशाला इस्त्री करत होती. लाकडी पाट खाली घेऊन त्यावर उभी. तिची उंची बेताचीच, पण टेबलही उंच नव्हतं. मला वाटलं, पाटावर का चढलीय?

"अगं, पडशील. खाली उभी राहा की."

"नको. खाली उभी राहिली की इस्त्री मुंग्या मारते."

मी केस पुसत होतो. हात थांबला.

"म्हणजे शॉक मारते?"

"शॉक कुठे मारते? मुंग्या मारते. शॉक मारला असता तर तुम्हाला सांगितलं नसतं का?"

"कधीपासून?"

"झाले असतील तीनचार महिने. पाटावर उभं राहिलं की काही होत नाही." आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "असं काय बघताय? चहा ठेवलाय, निवेल."

आधी जाऊन मी भिंतीतला प्लग ओढला. मग तिथेच, त्याच पाटावर बसलो. माझ्या डोक्यात त्या बाईचं बोलणं वाजत होतं. संध्याकाळी हाताला मुंग्या यायच्या, मी खोबरेल चोळून द्यायची. मी तो आजार समजून लिहिला. आणि कामगारांना मी काय विचारलं? शॉक. त्यांच्या लेखी शॉक म्हणजे जो माणसाला फेकतो तो. त्यांनी खरं तेच सांगितलं. मीच दुसऱ्या भाषेत विचारत होतो.

चहा घेतला नाही. ती मागून ओरडत होती, "सणाच्या दिवशी रिकाम्या पोटी कुठे निघालात?" इस्त्री न झालेला गणवेश घालून मी निघालो. तिला फक्त एवढं सांगितलं की त्या इस्त्रीला हात लावायचा नाही. आल्यावर फेकतो.

गाळा बंद होता, पण कामगार जवळपासच राहणारे. फोरमनला निरोप धाडला, सगळ्यांना बोलव. आले. मी त्यांना गाळ्यात उभं केलं. नव्याने काही सांगितलं नाही, फक्त विचारलं.

"त्या ग्राइंडरने कधी शॉक मारलाय?"

पुन्हा तेच. "नाही साहेब. कितींदा सांगायचं?"

"बरं. मुंग्या मारायचा?"

एक जण हसला. "मुंग्या तर मारणारच ना साहेब. जुना आहे तो."

"तुला पण?"

"सगळ्यांना. गेल्या पावसाळ्यापासून. त्याला आम्ही गुदगुल्या म्हणतो."

"मग? तुम्ही काय करायचात?"

"काय करायचं? चप्पल घालायची. रबरी चप्पल घातली की जास्त नाय येत. बघा ना, फोरमननेच सांगितलंय, चपलेशिवाय ग्राइंडर धरायचा नाय."

"आणि काल?"

जो हसलेला त्याने खाली बघितलं. मग दुसऱ्यानेही बघितलं. सगळे आपापल्या पायांकडे बघत होते. काल पूजा होती. काल लादी धुतलेली. काल सगळ्यांच्या चपला दाराबाहेर होत्या, मयताचीही. ओल्या लादीवर उघड्या पायांनी त्याने देवाला नमस्कार केला आणि ग्राइंडर उचलला.

साहेब म्हणाले त्या कालच्या आणि आजच्या मध्ये बदललं ते हे. पाय.

मी ठाण्यात फोन करून साहेबांना सांगितलं. पोलिसी शिव्या देऊन झाल्यावर ते म्हणाले, "हे तुझं म्हणणं झालं. कागदावर कोण देणार?" खरं होतं. मग त्यांनीच वरपर्यंत फोन फिरवले आणि विद्युत निरीक्षकांना सुट्टीत बोलावून घेतलं. त्या बाई होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांना सुट्टीत बोलावलं त्यासाठी मी साहेबांचे आजही आभार मानतो. दुसरा असता तर म्हणाला असता, आधी अटक दाखव, मग बघू.

पंचांसमोर सील तोडलं. बाईंनी ग्राइंडरची वायर हाताने चाचपली. मशीनमध्ये जिथे शिरते तिथलं रबर कुजलेलं. मग त्यांनी पेटीतून एक यंत्र काढलं, त्याला मेगर म्हणतात. त्याने कळतं की वीज तारेतच राहते की बॉडीत झिरपते. काटा बघून त्या म्हणाल्या, "झिरपतेय. खूप दिवसांपासून झिरपत असणार." मग फिटरने बसवलेला प्लग खोलला. तिन्ही तारा आपापल्या जागी, स्क्रू घट्ट. शेवटी त्यांनी लाकडी बोर्ड पालथा केला. प्लगच्या तिसऱ्या, जाड पिनेसाठी बोर्डाला भोक होतं. भोकाच्या मागे तारच नव्हती. अर्थिंग नव्हतं. मशीनमधून झिरपलेली वीज जमिनीत जायला वाट नव्हती, म्हणून ती माणसातून गेली.

"प्लग ज्याने बसवला त्याने काम बरोबर केलंय," बाई म्हणाल्या. "पण मागे काहीच नाही. भोक नुसतं दाखवायला आहे."

मी फोरमनला बाजूला घेतलं. म्हटलं, "तुम्ही टेस्टिंग करता ना? मला करून दाखवा."

त्याने दुसरी ड्रिल मशीन उचलली, प्लग लावला, बटण दाबलं. घर्रर्र. सोडलं. "ओके."

"एवढंच?"

"मग अजून काय साहेब? चालतेय म्हणजे चांगली आहे."

तो माझी थट्टा करत नव्हता. त्याच्या डोक्यात टेस्टिंगचा अर्थच तेवढा होता. चालते का बघायचं आणि हिरवा कागद चिकटवायचा. मुंग्या येतात हे त्याला ठाऊक होतं, त्यावर त्याने चपलेचा नियमही केला होता. त्या नियमाने इतके महिने माणसं वाचवली, आणि त्याच नियमामुळे मशीन दुरुस्तीला गेली नाही. मी त्याला म्हटलं, "आणि फोनही तूच केलेलास."

त्याने ड्रिलची वायर गुंडाळायला घेतली.

"प्लग बदलताना तिथे तू आणि फिटर, दोघंच होतात. बाकीचे पूजेचं सामान आणायला गेलेले. फिटर स्वतःवर फोन करणार नाही."

त्याने हातातली ड्रिल खाली ठेवली. "साहेब, मला खरंच वाटलं प्लगमुळे झालं. दुसरं काय असणार? कागद मी चिकटवलेला ना. माझ्या हाताने चिकटवलेला." आणि रडायला लागला. मी त्याला रडू दिलं. पाणी आणून दिलं. त्याच्यावर आणि शेठवर हयगयीने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा दाखल झाला. जे त्याचं होतं ते त्याला भोगावं लागलं. पण तो खुनी नव्हता. दुसऱ्याला खुनी ठरवायलाही तो दुष्टपणाने गेला नव्हता, घाबरून गेला होता. माणसं जास्त करून घाबरूनच वाईट वागतात, असा माझा अनुभव आहे.

संध्याकाळी फिटरला सोडला. बायको बाकावर तशीच, डबा मांडीवर. त्याने बाहेर येऊन पहिलं काय विचारलं असेल? "भाजी कसली हाय?" ती म्हणाली, "आता थंड झालीय, घरी चल." मग तो माझ्याकडे वळला.

"साहेब, तुम्हाला कसं कललं?"

मी म्हटलं, "मला नाही कळलं. माझ्या बायकोला कळलं." आणि इस्त्रीचं सांगितलं. तपासाच्या कागदात मी लिहिलेलं, चौकशीअंती निष्पन्न झाले. तिथे बायको, पाट, इस्त्री असलं काही लिहिता येत नाही. पण त्याला खरं कळायला हवं होतं, असं मला वाटलं. तो म्हणाला, "वहिनीला माझा नमस्कार सांगा," आणि गेला.

घरी येऊन तिला सांगितलं की तुझ्यामुळे एक माणूस सुटला. ती आपट्याची पानं लावत होती. म्हणाली, "माझ्यामुळे कसला? इस्त्रीमुळे. आणि नवी कधी आणताय?" दुसऱ्याच दिवशी आणली.

ह्या केसने मला शिकवलं ते असं. आपण माणसाला प्रश्न विचारतो तो आपल्या शब्दात. समोरचा उत्तर देतो ते त्याच्या शब्दात. दोघंही खरं बोलतात आणि तरी खरं हाताला लागत नाही. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी कुठलाही जबाब घेताना आधी विचारायचो, ह्याला तुम्ही तुमच्यात काय म्हणता? हसायची माणसं. पण सांगायची.

दुसरं सगळ्यांसाठी सांगतो, कारखाना असो, दुकान असो, ऑफिस असो की घर असो. मशीन चालते म्हणजे ती चांगली आहे असं नाही. वायर कुठे कुजलीय का बघा, तिसऱ्या पिनेच्या मागे खरंच तार आहे का ते जाणकाराकडून बघून घ्या, आणि वीज झिरपते का ते यंत्राने तपासून घ्या. आणि मुंग्या आल्या तर चप्पल घालू नका, पाट घेऊ नका. प्लग काढा. मुंग्या म्हणजे शॉकच असतो. तो अजून तुमच्यापर्यंत पुरता पोचलेला नसतो, एवढंच.

गेल्या वर्षी मंडळी गेली तेव्हा तेराव्याला घरात माणसं पुष्कळ जमली. दिवस उन्हाचे. आमच्या पोरांनी मंडपवाल्याकडून मोठे उभे पंखे आणलेले. अंगणात पाणी मारलेलं, पंगत बसायची होती, आणि नातवंडं उघड्या पायांनी पंख्यासमोर नाचत होती. मी कोपऱ्यात बसलेलो. कुणाशी बोलायची इच्छा नव्हती. तेवढ्यात एक माणूस फाटकातून आला. केस पांढरे झालेले, तरी ओळखला. बाळकुमचा फिटर. त्याला कुणी सांगितलं मला माहीत नाही. फोटोला हात जोडले. माझ्याजवळ यायच्या ऐवजी तो पंख्याकडे गेला, पोरांना हाताने मागे सारलं, खिशातून टेस्टर काढून पंख्याच्या लोखंडी दांड्याला टेकवला. टेस्टरचा लाल दिवा लागला.

"कोनी आनला ह्यो पंखा?" तो ओरडला. आमच्या नातेवाईकांना कळेना हा कोण. त्याने प्लग ओढला, मंडपवाल्याच्या पोराला बोलावून झापलं आणि दुसरा पंखा मागवला. तोही तपासला. मग बोर्ड खोलून बघितला. सगळं मनासारखं झालं तेव्हा टेस्टर खिशात टाकला आणि माझ्या शेजारी येऊन बसला.

"वहिनींना भेटायचं व्हतं," तो म्हणाला. "राहून गेलं."

मी त्याचा हात धरला. नातवंडं पुन्हा पंख्यासमोर नाचायला गेली होती. कुणीतरी आतून हाक मारली, पानं वाढलीयत. मी त्याला उठवलं आणि पहिल्या पंगतीला माझ्या बाजूला बसवला.